नोंद नाही म्हणून भूकंप नाही?

आपल्या गावाला पूर्वी कधी भूकंपाचा धक्का बसला होता का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर आपण शिक्षक काय करतो? भूकंपांची एखादी यादी शोधतो. गावाचे किंवा जवळच्या शहराचे नाव सापडले तर ‘होय’ म्हणतो आणि नाही सापडले तर ‘नाही’ म्हणून पुस्तक मिटतो. यातले पहिले उत्तर बऱ्याचदा तपासून घ्यावे लागते. दुसऱ्या उत्तराला तर फारच थोडा आधार असतो.

यादीचा एक दबदबा असतो. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, आकडा असे भरलेले रकाने दिसले की ही सगळी माहिती कुठल्या तरी यंत्राने मोजली असणार असे वाटते. पण जगभरच्या भूकंपांची नोंद घेणारी यंत्रे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली आहेत. त्याआधीच्या भूकंपांचे रकाने माणसांच्या शब्दांवरून भरले आहेत. कुणी पत्रात लिहिले की भांडी वाजली, कुणी अहवालात लिहिले की बुरूज ढासळला, कुणी बखरीत लिहिले की धरणी कापली. या शब्दांतून भूकंप कुठे झाला आणि केवढा होता हे काढण्याचे एक चांगले शास्त्र तयार झाले आहे. त्या शास्त्राची ताकद किती आणि ते कुठे कमी पडते, याची चिकित्सा आम्ही या लेखात करणार आहोत.

त्यासाठी आम्ही बारामती एमआयडीसी हे ठिकाण घेतले आहे. त्याला कारण आहे. बारामतीपासून नैर्ऋत्येला सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरवर कोयना आहे, तर पूर्वेला सुमारे २१५ किलोमीटरवर किल्लारी. महाराष्ट्राच्या आठवणीतल्या दोन मोठ्या भूकंपांच्या मध्ये हा मुलूख आहे, आणि अशा मुलखाविषयी जुन्या याद्या फारसे काही सांगत नाहीत.

एक शब्द, दोन अर्थ

आधी शब्दांचा घोळ मिटवू. वर्तमानपत्रे सर्रास ‘६.३ रिश्टर तीव्रतेचा भूकंप’ असे छापतात. मुलेही मग तसेच लिहितात. भूकंपात जमिनीखाली जी ऊर्जा मोकळी होते तिचा अंदाज देणारा हा आकडा असतो. त्याला आपण ‘महत्ता’ म्हणू. एका भूकंपाची महत्ता एकच असते. ‘तीव्रता’ म्हणजे एखाद्या ठराविक जागी तो भूकंप किती जोराने जाणवला आणि त्याने तिथे काय केले. म्हणून एकाच भूकंपाच्या तीव्रता अनेक असतात, जितकी गावे तितक्या.

साखर कारखान्याचा भोंगा आठवा. भोंगा एकच आणि त्याची ताकदही एकच. पण कारखान्याच्या दारात उभे राहणाऱ्याचे कान बधिर होतात, पलीकडच्या गावात तो स्पष्ट ऐकू येतो आणि चार मैलांवरच्या मळ्यात वाऱ्याची दिशा बरोबर असेल तरच. भोंग्याची ताकद म्हणजे महत्ता आणि प्रत्येक कानावर पडलेला आवाज म्हणजे तीव्रता. भोंगा कुठे आहे हे माहीत नसले तरी कुठल्या गावात किती मोठा आवाज आला हे विचारत फिरले, तर त्याची जागा आणि ताकद दोन्ही अंदाजाने सांगता येतील. इतिहासकाळातल्या भूकंपांचा अभ्यास नेमके हेच करतो.

तीव्रता मोजायला यंत्र नको, पायऱ्या हव्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉसी आणि फोरेल यांनी दहा पायऱ्यांची मोजपट्टी केली. पुढे मर्कालीची आली आणि ती वाढत बारा पायऱ्यांची झाली. १९६४ साली मेदवेदेव, श्पॉनहॉयर आणि कार्निक यांची मोजपट्टी आली आणि १९९८ साली युरोपीय मोजपट्टी. या शेवटच्या मोजपट्टीच्या काही पायऱ्या पाहा. चौथ्या पायरीवर घरात असलेल्या बऱ्याच लोकांना धक्का जाणवतो, थोडे झोपलेले लोक जागे होतात, तावदाने आणि भांडी वाजतात. पाचवीवर घरातल्या बहुतेकांना जाणवतो, झोपलेले बरेच जण जागे होतात, टांगलेल्या वस्तू चांगल्याच झुलतात. सहावीपासून घरांचे किरकोळ नुकसान सुरू होते आणि आठवीवर कच्च्या घरांपैकी बरीच घरे मोडकळीला येतात.

‘थोडे’, ‘बरेच’, ‘बहुतेक’ हे शब्द इथे सैलपणे वापरलेले नाहीत. शंभरात साधारण किती, हे मोजपट्टीने ठरवून दिले आहे. म्हणजे एका माणसाची हकिकत ऐकून पायरी ठरत नाही. त्या गावातल्या पुष्कळ माणसांची आणि पुष्कळ घरांची अवस्था कळावी लागते. जुन्या भूकंपांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण असते. गावाचा एकच साक्षीदार उरलेला असतो आणि त्याने एकच ओळ लिहिलेली असते.

दोन याद्या

भारतातली पहिली मोठी यादी थॉमस ओल्डहॅम यांची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे ते पहिले प्रमुख. सर्वांत जुन्या काळापासून १८६९ च्या अखेरीपर्यंतचे भूकंप त्यांनी गोळा केले. १८७८ साली ते वारले. त्यांचे चिरंजीव रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी ही यादी १८८३ साली प्रसिद्ध केली. याच धाकट्या ओल्डहॅमनी पुढे १८९७ च्या आसाम भूकंपाचा गाजलेला अहवाल लिहिला आणि १९०६ साली पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा भूकंपलहरींवरून दिला.

ओल्डहॅम यांच्या यादीचे मोल आजही कमी झालेले नाही. विखुरलेली पत्रे, नियतकालिके, प्रवासवर्णने यांतून त्यांनी जे वेचले त्यातले पुष्कळसे एरवी आपल्यापर्यंत पोचलेच नसते. मात्र ही वेचणी आहे. मिळाले ते मांडले, असा तिचा बाज आहे. मूळ लेखक स्वतः तिथे होता की त्याने ऐकीव लिहिले, याची छाननी त्या काळी फारशी शक्य नव्हती. पुढच्या पिढ्यांनी या यादीतून नव्या याद्या केल्या आणि त्यांतून आणखी नव्या. प्रत्येक नकलेत वर्णन आखडत गेले आणि आकडा तेवढा उरला. ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द रकान्यात मावत नाहीत.

दुसरी यादी अलीकडची. स्टेसी मार्टिन आणि वॉल्टर सेलिगा यांनी २०१० साली ती प्रसिद्ध केली. १६३६ ते २००९ या काळातले भारतातले ५७० भूकंप आणि त्यांच्या तीव्रतेची आठ हजारांवर निरीक्षणे तिच्यात आहेत. त्यांनी जुन्या लेखकांनी दिलेली तीव्रता उचलून घेतली नाही. शक्य तिथे मूळ वर्णनापर्यंत जाऊन सगळ्यांना १९९८ ची एकच मोजपट्टी लावली. प्रत्येक निरीक्षणाला गावाचे नाव आणि अक्षांश-रेखांश जोडले. त्यामुळे एखाद्याला शंका आली तर तो ते निरीक्षण काढून पुन्हा हिशेब करू शकतो. शास्त्राच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे, कारण निष्कर्षाबरोबर पुरावाही वाचकाच्या हाती येतो. याच निरीक्षणांच्या आधारे, ज्या भूकंपांची यंत्रावरची नोंद आणि लोकांच्या हकिकती दोन्ही उपलब्ध आहेत ते पट्टी म्हणून वापरून, जुन्या भूकंपांची जागा आणि महत्ता काढण्यात आली.

तरी एक साधा भागाकार करून पाहा. आठ हजारांवर निरीक्षणे भागिले ५७० भूकंप. दर भूकंपामागे सरासरी चौदा-पंधरा ठिकाणे येतात. ही सरासरी झाली. अलीकडच्या मोठ्या भूकंपांना पुष्कळ ठिकाणे मिळाली, म्हणजे जुन्या आणि लहान भूकंपांच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली असणार. आणि ती ठिकाणे कुठली? जिथे लिहिणारा आणि त्याचे लिहिणे जपणारा दोन्ही होते ती: बंदरे, छावण्या, जिल्ह्याची ठाणी, पुढे रेल्वेची स्थानके. आधार प्रामुख्याने इंग्रजी वृत्तपत्रांचा आणि कागदपत्रांचा. त्यामुळे नकाशावर जे दिसते त्यात जमिनीच्या हादऱ्याइतकाच लेखण्यांच्या वाटणीचाही भाग असतो.

वादळाचे भूकंप झाले

याद्यांत नसलेले भूकंप कसे घुसतात याचे ठळक उदाहरण कलकत्त्याचे. १७३७ साली तिथे भूकंप होऊन तीन लाख माणसे मेली, असे जगातल्या महाभयंकर भूकंपांच्या कोष्टकांत दोनशे वर्षांहून अधिक काळ छापले जात होते. रॉजर बिल्हॅम यांनी १९९४ साली ईस्ट इंडिया कंपनीची मूळ कागदपत्रे आणि त्या काळच्या हकिकती ताडून पाहिल्या. तेव्हा दिसले की त्या रात्री आले ते चक्रीवादळ. शहरातल्या मृतांचा आकडा तीन हजारांच्या घरातला होता. तीन लाख माणसे मरायला तेव्हाच्या कलकत्त्यात तेवढी वस्तीच नव्हती. घरे पडली, नदी चढली, जहाजे बुडाली हे सगळे खरे. कारण तेवढे बदलले.

तारखेचीही गंमत पाहा. इंग्रज तेव्हा जुनी दिनदर्शिका पाळत होते, म्हणून त्यांच्या कागदांत ३० सप्टेंबर आहे. नव्या दिनदर्शिकेने तोच दिवस ११ ऑक्टोबर येतो. सावधपणे न वाचणारा एकाच घटनेच्या दोन घटना करू शकतो. आपल्याकडच्या मोडी कागदांत शके, सुहूर सन, फसली, हिजरी अशा किती तरी कालगणना येतात. शकात ७८ मिळवले, सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, आणि तोही महिना पाहूनच. इथे एका वर्षाची चूक होणे अगदी सोपे आहे.

महाराष्ट्राचे याच जातीचे उदाहरण मुंबईचे. १६१८ च्या मे महिन्यात मुंबईत दोन हजार माणसे आणि साठ गलबते गेल्याची नोंद जुन्या यादीत आहे. त्या नोंदीत वादळही होते. पुढच्या काही याद्यांत वादळ गळाले आणि उरला तो नवव्या पायरीचा भूकंप. साठ गलबते बुडवायला वारा पुरेसा असतो. या घटनेची फेरतपासणी करणाऱ्या संशोधकांनी ती वादळाच्या खात्यात टाकली आहे. मुंबईसारख्या शहराचा धोका ठरवताना अशी एक नोंद धरली की गणित एकीकडे जाते, सोडली की दुसरीकडे. म्हणून हा नुसता पंडितांचा वाद नाही.

एकाच आकाराचे दोन भूकंप

नुकसानीवरून भूकंपाचा आकार काढताना केवढी फसगत होऊ शकते, हे समजायला आपल्या राज्यातलीच दोन उदाहरणे पुरेत.

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. कोयनानगरला भूकंप झाला, महत्ता ६.३. बळी सुमारे दोनशे. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारीला भूकंप झाला, महत्ता ६.२. बळी आठ ते दहा हजार. दोन्ही भूकंप पहाटेचे, लोक घरात झोपलेले. महत्तेत नाव घेण्याजोगा फरक नाही. मृतांच्या संख्येत मात्र चाळीस-पन्नास पटींचा फरक.

समजा, यंत्रे नसती आणि तीनशे वर्षांनंतरच्या अभ्यासकाला दोन्ही घटनांची एकेक ओळ मिळाली असती: ‘कोयनेस दोनशे माणूस दगावले’, ‘किल्लारीस दहा हजार’. त्याने किल्लारीचा भूकंप कितीतरी पटीने मोठा ठरवला असता. आणि तो चुकला असता.

फरक पडला तो बऱ्याच अंशी वस्ती आणि घरे यांमुळे. किल्लारी, सास्तूर भागातली गावे दाट होती. मातीत रचलेल्या दगडांच्या हातभर जाड भिंती, वर लाकडी तुळयांचे माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षे चढवलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर हादऱ्याने भिंतीचे दगड सुटले की आपल्याच भाराने खाली बसते. भूकंपाची नाभीही जमिनीखाली फार खोल नव्हती. कोयनेच्या खोऱ्यात वस्ती विरळ होती आणि घरांची बांधणी वेगळी होती.

१९९८ च्या मोजपट्टीने ही गोष्ट ध्यानात घेतली आहे. तिच्यात घरांचे ‘अ’ पासून पुढे सहा वर्ग केले आहेत. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांचे घर सर्वांत दुबळ्या वर्गात, भूकंपरोधक बांधणीचे घर वरच्या वर्गात. नुकसानीच्याही पाच श्रेणी आहेत. कुठल्या वर्गाच्या किती घरांना कुठल्या श्रेणीचे नुकसान, असे तीन प्रश्न एकत्र विचारल्यावरच पायरी ठरते. पण जुना लेखक ‘गाव उद्ध्वस्त झाले’ एवढेच लिहून गेला असेल, तर गाव कशाचे बांधलेले होते हे इतिहासकाराला आणि वास्तुशास्त्रज्ञाला विचारावे लागते. भूकंपशास्त्रज्ञाला एकट्याने हे काम जमणारे नाही.

कोऱ्या जागेचा अर्थ

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. खोटा भूकंप यादीत घुसला तर कधी ना कधी कुणी तो तपासतो, कारण तपासायला नोंद तरी असते. खरा भूकंप यादीत आलाच नाही तर तपासणार काय?

१९६७ पूर्वी कोयनेचा परिसर जवळजवळ भूकंपमुक्त समजला जाई. दख्खनचे पठार म्हणजे जुना, टणक, स्थिर खडक, ही समजूत त्यामागे होती, आणि याद्यांतली शांतता त्या समजुतीला दुजोरा देत होती. भूकंपानंतर १९७० साली नकाशा सुधारला आणि कोयना चौथ्या विभागात गेली. किल्लारीचेही तसेच. १९९३ साली जो नकाशा लागू होता त्यात किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. २००२ च्या नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात आली. दोन्ही वेळा माणसे आधी मेली, नकाशा मागाहून बदलला.

नकाशा करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्याकडे जी नोंद होती तिच्यावर त्यांनी काम केले. प्रश्न असा आहे की नोंदींतली शांतता ही जमिनीची शांतता आहे असे त्यांनी आणि आपण सर्वांनी का धरले? यादी नीट चाळली असती तर सह्याद्रीच्या पट्ट्यात १७६४ सालचा महाबळेश्वर परिसरातला भूकंप नोंदलेला सापडतो. किल्लारीच्या भागात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लोकांना धक्के जाणवत होते. भूकंपानंतर त्याच मुलखातल्या तेर या प्राचीन गावी संशोधकांनी खोदकामातून जुन्या भूकंपाच्या खुणाही मांडल्या. म्हणजे जमीन अगदीच गप्प नव्हती.

कोयनेबाबत आणखी एक बारकावा सांगायला हवा. धरणात पाणी भरल्यामुळे हे भूकंप उद्भवले, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. त्याला भक्कम आधार आहे तो जलाशयाच्या पातळीतली चढउतार आणि भूकंपांची संख्या यांच्यातल्या संबंधाचा. तो पुरावा यंत्रांनी दिलेला आहे. परंतु ‘धरणापूर्वी इथे कधीच भूकंप झाले नव्हते’ हे वाक्य जेव्हा त्याच दमात उच्चारले जाते तेव्हा सावध व्हावे. ते वाक्य त्या डोंगराळ खोऱ्यात १९६२ पूर्वी कोण काय लिहून ठेवत होते यावर उभे आहे. पहिल्या विधानाचे वजन दुसऱ्याला देता येत नाही.

बातमीचा कल

कुणी म्हणेल, आता वृत्तपत्रे आहेत, दूरचित्रवाणी आहे, ही अडचण जुन्या काळाची. तसेही नाही. २६ जानेवारी २००१ रोजी भूजला ७.६ महत्तेचा भूकंप झाला. बातम्यांवरून त्याच्या तीव्रतेचा नकाशा लगेच तयार करण्यात आला. पुढे सुसान हफ आणि प्रभास पांडे यांनी प्रत्यक्ष पाहणीतल्या तीव्रतेशी बातम्यांवरून काढलेली तीव्रता ताडून पाहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले की बातम्यांवरची तीव्रता पद्धतशीरपणे जास्त भरते. कारण उघड आहे. पडलेल्या घराची बातमी होते, शेजारी उभ्या राहिलेल्या नऊ घरांची होत नाही. आज वर्तमानपत्रात हे घडते, तर दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रात ते घडले नसेल असे कसे म्हणावे? म्हणून जुन्या वर्णनांवरून काढलेली महत्ता थोडी फुगलेली असू शकते, हे मनाशी धरूनच वाचावे.

गोळा केलेल्या नोंदींचे दोष असे दोन्ही बाजूंचे आहेत. जिथे लेखणी पोचली तिथे अतिशयोक्ती, जिथे पोचली नाही तिथे शून्य. सरासरी काढून हे दोष एकमेकांना छेदत नाहीत.

बारामती-इंदापूरला हे का लागू आहे

कोयनेचा धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला होता. तेव्हा १२० किलोमीटरवरच्या बारामतीला तो जाणवला असणार यात शंका घ्यायला जागा नाही. पण किती? चौथी पायरी की पाचवी? कऱ्हेकाठच्या गावठाणात किती, नीरा डाव्या कालव्याखालच्या काळ्या जमिनीवर किती आणि सुप्याकडच्या जिरायती माळावरच्या मुरमाट जमिनीवर किती? खोल काळी माती आणि उथळ मुरूम यांवर एकच लहर सारखी जाणवत नाही. दोन तालुक्यांतल्या पंधरा-वीस गावांची उत्तरे मिळाली तर जमिनीच्या या फरकाचा नकाशा हाती येईल, आणि पुढच्या भूकंपात कुठल्या वस्तीने जास्त काळजी घ्यावी हे त्यावरून सांगता येईल. त्या पहाटे जी मुले दहा वर्षांची होती ती आज सत्तरीकडे झुकली आहेत. हा साक्षीपुरावा फार दिवस उपलब्ध राहणार नाही.

दुसरे कारण उजनीचे. इंदापूर तालुक्याच्या कडेने भीमेवर पसरलेला हा जलाशय १९८० साली पुरा झालेल्या धरणाचा. पाण्याच्या एकूण साठ्यात तो कोयनेपेक्षा कमी नाही, पण धरणाची उंची कोयनेच्या १०३ मीटरच्या मानाने निम्म्याच्या आसपास आहे. प्रत्येक मोठ्या धरणामुळे भूकंप होतात असे मुळीच नाही, बहुतेकांमुळे होत नाहीत. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पण उद्या कुणी विचारले, ‘धरणाआधी या भागात धक्के जाणवत होते का?’ तर उत्तर द्यायला आपल्याजवळ काय आहे? पुन्हा यादीतली कोरी जागा दाखवायची का?

उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. जुन्या इमारतीही साक्षीदार असतात. एखादी उंच, सडपातळ दीपमाळ शतकानुशतके सरळ उभी असेल तर तिथे फार मोठा हादरा बसला नसावा, असा उलट बाजूचा अंदाज बांधता येतो. मात्र जीर्णोद्धार कधी झाला, तडा पाया खचून गेला की कशाने, हे पाहिल्याशिवाय तो अंदाजही पक्का नव्हे.

तिसरे कारण खुद्द एमआयडीसी. १९६७ साली इथे माळ होता. आज पत्र्याच्या उंच शेड, काँक्रीटच्या इमारती आणि कामगारांच्या दाटीच्या वस्त्या आहेत. धक्का जाणवण्याची परिस्थितीच बदलली आहे. पहाटे चार वाजता रात्रपाळीचा कामगार जागा असतो, पण चालत्या यंत्रापाशी उभा असतो. त्याच्या पायाखाली एरवीही कंप असतोच, म्हणून हलका धक्का त्याच्या लक्षात येणार नाही. तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्या त्याच्या कुटुंबाला तोच धक्का मोठा वाटेल, कारण वरचे मजले जास्त हलतात. अवजड वाहने आणि दगडखाणीतले सुरुंग यांचीही भर पडते. अशा ठिकाणची ‘काही जाणवले नाही’ ही नोंद आणि एखाद्या शांत वाडीतली तीच नोंद यांचे वजन सारखे धरता येणार नाही. जुन्या यादीतल्या ओळी वाचतानाही हेच विचारावे: लिहिणारा तेव्हा कुठे होता, काय करत होता, कशाच्या घरात होता?

शाळेने काय करावे

वर्गात हे काम करता येण्याजोगे आहे. आठवी-नववीच्या मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना कोयना, किल्लारी आणि भूज या तीन भूकंपांविषयी विचारावे. ‘आजोबा, तुम्हांला भूकंप जाणवला का?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. तुम्ही तेव्हा कुठल्या गावी होता? घरात की बाहेर? झोपलेले, बसलेले की चालत? घर दगडमातीचे, विटांचे की काँक्रीटचे, आणि कितव्या मजल्यावर? जाग आली का, शेजाऱ्यांना आली का? भांडी वाजली, टांगलेला कंदील झुलला, फळीवरचे काही पडले, भिंतीला भेग गेली का? हे तुम्ही स्वतः अनुभवले की नंतर ऐकले?

तीन पथ्ये पाळावीत. प्रत्येकाला एकेकटे विचारावे, नाहीतर एकाची आठवण दुसऱ्याची होते. ‘जाणवले नाही’ हे उत्तरही तेवढ्याच काळजीने लिहावे. भूजचा भूकंप सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी, प्रजासत्ताक दिनी झाला. त्या वेळी अनेक शाळा ध्वजवंदनासाठी मैदानात असतील. तेव्हा न जाणवण्याचे कारणही लिहून ठेवावे. आणि तीव्रतेची पायरी मुलांनी लगेच ठरवू नये. आधी मूळ शब्द जसेच्या तसे टिपावेत, पायरी मागाहून चर्चेने ठरवावी. शब्द जपले तर पायरी कधीही सुधारता येते. पायरी तेवढी जपली आणि शब्द हरवले, तर ओल्डहॅमनंतरच्या याद्यांची जी गत झाली तीच आपल्या वहीची होईल.

वालचंदनगर हे १९३० च्या दशकात वसलेले कारखान्याचे गाव. तिथे आणि जुन्या शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या दफ्तरांत त्या त्या तारखांच्या आसपासची पाने चाळून पाहावीत. ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी ‘भूकंप’ या शब्दावर अडून न राहता ‘धरणीकंप’, ‘भूमिकंप’ हे शब्दही शोधावेत. यापुढे धक्का जाणवला तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे अनुभव कळवण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. मराठी मुलखातली नोंद मराठी माणसांनीच केली नाही, तर इतर कुणी ती करावी अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

याद्यांविषयी आमचे मत असे. ओल्डहॅम यांची यादी पुरावा म्हणून नव्हे, पुराव्याकडे जाणारी वाट म्हणून वाचावी. मार्टिन आणि सेलिगा यांची यादी तिच्या पुढची आहे, कारण ती स्वतःचा पुरावा उघडा ठेवते. तिच्यातली दख्खनची विरळ ठिपक्यांची जागा हा तिच्या कर्त्यांचा दोष नाही. त्या जागेचे कागद अजून कुणी उघडलेले नाहीत. आणि ‘आमच्या भागात कधी भूकंप झाला नाही’ असे जेव्हा एखादे पुस्तक किंवा एखादा बांधकाम करणारा सांगेल, तेव्हा त्याला एवढेच विचारावे की हे कुणी, कुठे बसून, कधी लिहून ठेवले आहे? उत्तर आले नाही, तर भिंतीत जोडदगड आणि काँक्रीटचा पट्टा घालून घ्यावा. तेवढ्या खर्चाने कुणाचे वाईट होणार नाही.